न्यू जर्सीच्या बूमरबाईंस

सांगली,
जुलैचा दुसरा आठवडा

प्रिय सुमे,

तुझा निरोप वाचला. एवढा मजकूर नुसत्या अंगठ्यांनी लिहिलास म्हणजे राग चांगलाच मुरलेला दिसतोय. तुझ्या भाच्यानं हिंजवडीची नोकरी वर्ष भरायच्या आत सोडली, सोडताना घरात कुणाला विचारलं नाही, आणि मावशीनं एडिसनहून फोन केला तर 'मीटिंगमध्ये आहे' असं दोन शब्दांत कळवून मोकळा झाला. त्याखाली तू पिढ्यांचा तो रंगीत तक्ता जोडलास. सायलेंट, बूमर, एक्स, मिलेनियल, झी, अल्फा. प्रत्येक खणात एक चित्र आणि स्वभावाची चार विशेषणं. बूमर म्हणजे कष्टाळू आणि निष्ठावान, झी म्हणजे अधीर आणि नाजूक. वर तुझी टीप, 'किती खरं आहे ना!'

फोनवरच उत्तर दिलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून कागद घेतला. पावसाचं विचारशील, तर कृष्णा अजून पात्रात आहे. आयर्विन पुलाजवळच्या पातळीचा आकडा सगळी सांगली सकाळी चहाआधी बघते, आणि कोयनेतून किती पाणी सोडलं ते शाळकरी पोरंसुद्धा क्युसेकमध्ये सांगतात.

आता तक्ता. त्याप्रमाणे आपण दोघी बूमर, कारण 1946 ते 1964 या काळात जन्मलो. अगं, पण ही सालं तुमच्या तिकडच्या पाळण्यांची आहेत. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी परतले, लग्नं झाली, घरासाठी स्वस्त कर्जं मिळाली आणि अमेरिकेत जन्मांचा आकडा एकदम चढला. साठच्या दशकात तो उतरला. तो चढ-उतार तिथं खरोखर झालाय. आपल्याकडे 1946 साली कुणाच्या घरी कसली भरभराट होती? बंगालचा दुष्काळ नुकता होऊन गेलेला, फाळणी दाराशी आलेली. बाळं आपल्याकडे आधीही भरपूर जन्मत होती. देवी, हिवताप, पटकी आटोक्यात येत गेली तशी ती जगायला लागली, एवढाच काय तो आपला 'बूम'.

पुढच्या खणांची कुंडली तर फारच गमतीची. 'जनरेशन एक्स' हे नाव रूढ झालं डग्लस कूपलंड यांच्या 1991 च्या कादंबरीमुळे. 'मिलेनियल' हे नाव स्ट्रॉस आणि हाऊ या दोघा लेखकांनी दिलं, त्यांचं 'जनरेशन्स' हे पुस्तकही 1991 चंच. 1981 ते 1996 मिलेनियल आणि 1997 पासून झी, ही रेघ प्यू रिसर्च सेंटरनं आखली. आणि त्याच प्यूनं 2023 मध्ये जाहीर केलं की यापुढे ही नावं आम्ही जपून वापरू. कारण सरळ आहे. आजच्या वीस वर्षांच्या पोराची तुलना आजच्या साठीच्या बाईशी करून पिढी कळत नाही, साठीची बाई वीस वर्षांची होती तेव्हा कशी होती ते बघावं लागतं. तिकडे रेघ आखणारे हात आवरते घेतायत आणि इकडे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तक्ता आता कुठं 'गुड मॉर्निंग'च्या फुलांबरोबर यायला लागलाय.

आपल्या माणसांची पिढी मोजायची रीत निराळी होती, आठवतं? तुझ्या आजीला वय विचारलं की ती प्लेगापासून सुरुवात करायची. आपल्या लहानपणी सगळ्या गोष्टी भूकंपाच्या आधीच्या किंवा नंतरच्या असायच्या, कारण डिसेंबर 1967 मध्ये कोयना हलली तेव्हा सगळं गाव रात्री अंगणात झोपलं होतं. मग बहात्तरचा दुष्काळ आला. आता आमच्या गल्लीतली मुलं 'पाचचा पूर' आणि 'एकोणीसचा पूर' अशी मोजदाद करतात, आणि त्यावरून त्यांचं वय बरोबर काढता येतं.

कार्ल मानहाइम नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 1928 साली पिढी या प्रकरणावर एक मोठा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, नुसतं जन्मसाल एक असून भागत नाही. कोवळ्या वयात इतिहासाचा एकच धक्का खावा लागतो, तेव्हा पिढी होते. आणि तो धक्का खाल्लेलेसुद्धा सगळे एका दिशेला पडत नाहीत. मला हे वाचताना आपला वर्ग दिसला. बहात्तर साली आपण तेरा वर्षांच्या. तुमच्या बंगल्याच्या विहिरीला पाणी होतं. आटपाडीकडून आलेली, आपल्या मागच्या बाकावर बसणारी ती मुलगी आठवते ना, तिची आई रोजगार हमीच्या खडीवर होती आणि घरी रेशनची लाल मिलो शिजायची. जन्मसाल एक, शाळा एक, दुष्काळही एकच. तुझा तक्ता तिला आणि तुला एका खणात बसवून दोघींच्या डोक्यावर 'कष्टाळू' अशी चिठ्ठी डकवतो. तिला चालेल ती. तुला शोभते का, हे तूच सांग.

याहून मोठा दाखला हवा असेल तर टिळक आणि आगरकर घे. दोघेही जुलै 1856 चे, नऊ दिवसांच्या अंतरानं जन्मलेले. दोघे डेक्कन कॉलेजात, दोघे मिळून शाळा काढतात, 'केसरी' काढतात, एकाच तुरुंगात एकत्र राहतात. आणि पुढे संमतिवयाच्या कायद्यावरून दोघांची तोंडं दोन दिशांना. बारा वर्षांखालच्या बायकोशी नवऱ्यानं संबंध ठेवू नये, एवढंच म्हणणारा कायदा होता तो, 1891 चा. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी. आता या दोघांच्या पिढीचा स्वभाव चार विशेषणांत लिही बघू.

तुझ्या रागाचा मूळ मुद्दा नोकरी सोडण्याचा. तर हिशेब तुझ्याच देशाचा देते. अमेरिकेचं श्रम सांख्यिकी खातं माणसं एका मालकाकडे किती वर्षं टिकली ते विचारत असतं. 25 ते 34 वयाच्या कामगारांचा मध्यावरचा आकडा 1983 साली तीन वर्षं होता. 2022 साली तो 2.8 होता. चाळीस वर्षांत फरक पडला तो दोन-अडीच महिन्यांचा. आणि खास तुमच्या बूमरांचा हिशेब ऐक. 1957 ते 1964 मध्ये जन्मलेल्या अमेरिकनांचा त्या खात्यानं वर्षानुवर्षं माग ठेवलाय. त्यांनी अठराव्या वर्षापासून पंचावन्नच्या पुढेमागे येईपर्यंत सरासरी बाराहून जास्त नोकऱ्या केल्या, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या पंचविशीच्या आत. आता निष्ठावान कुणाला म्हणायचं ते तू ठरव.

स्वार्थीपणाचा आरोपही तसाच जुना. टॉम वुल्फ यांनी 1976 साली त्या दशकालाच 'मी'चं दशक म्हणून टाकलं. 1990 मध्ये 'टाइम'नं मुखपृष्ठावर विशीतली मंडळी घेतली आणि त्यांना काही ठरवताच येत नाही असा सूर लावला. 2013 मध्ये त्याच 'टाइम'नं मिलेनियलांना 'मी मी मी' पिढी म्हटलं. पहिल्या 'मी'वाल्यांची मुलं-नातवंडंच ही, त्यामुळे एकाचे तीन 'मी' झाले एवढीच काय ती प्रगती.

आपल्याला काय कमी ऐकावं लागलं? 'बॉबी' आला तेव्हा तुझ्या वडिलांनी थिएटरच्या रस्त्यानं जायची बंदी केली होती. तुझ्या दादाची बेलबॉटम शिंप्याकडून परत आणून अरुंद करायला लावली होती, आणि ट्रान्झिस्टर कानाला लावून फिरणाऱ्या पोरांचं पुढे काय होणार याची काळजी अख्ख्या गल्लीला होती. तो दादा पुढे बँकेतून मॅनेजर होऊन सुटला आणि आता नातवाच्या फाटक्या जीन्सवर भाषण देतो.

यातली मेख मला एका अभ्यासात सापडली. प्रोत्झ्को आणि स्कूलर या दोघांनी 2019 मध्ये छापलेल्या या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या काही हजार प्रौढांना विचारलं की आजची मुलं पूर्वीच्या मुलांच्या मानानं कशी आहेत. ज्यांना अधिकाराचं वजन फार वाटतं ते म्हणाले, मुलांना वडीलधाऱ्यांचा आदर नाही. जे हुशार होते ते म्हणाले, मुलांची बुद्धी कमी झाली. आणि ज्यांचं स्वतःचं वाचन दांडगं, ते म्हणाले, मुलं वाचत नाहीत. म्हणजे आपला जो गुण आपल्याला प्रिय, नेमका तोच आपल्याला पोरांत दिसेनासा होतो. पुढची गंमत म्हणजे, काहींना त्यांनी चाचणीनंतर मुद्दाम खोटंच सांगितलं की तुमचं वाचन कमी आहे. तशी त्यांची पोरांबद्दलची तक्रारही जरा निवळली.

मी इतकी वर्षं ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवलं. स्टाफरूममध्ये या अभ्यासाचा प्रयोग रोज फुकट चालायचा. मराठीवाल्या आम्ही म्हणायचो, पोरं वाचत नाहीत. गणिताचे सर म्हणायचे, पाढे येत नाहीत. पी.टी.चे सर म्हणायचे, दम नाही. आणि केमिस्ट्रीच्या बाई, ज्यांचा डबा नेहमी टापटीप, त्या म्हणायच्या, या मुलींना घरकामाची सवय नाही. वर्गात सत्तर-ऐंशी पोरं असायची. त्यांपैकी पाच-सात खरंच वाचायची, आणि आपल्या वर्गातही तेवढीच वाचत होती. त्यांपैकी आपण दोघी होतो, म्हणून आपल्याला वाटतं अख्खा वर्ग वाचत होता.

याच प्रोत्झ्कोनं आणखी एक काम केलं. लहान मुलापुढं एक गोड खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, थांबलास तर दोन मिळतील, हा प्रयोग तिकडे साठच्या दशकापासून चालत आलाय. त्यानं पन्नास वर्षांचे निकाल ओळीनं लावले. आधी तज्ज्ञांना विचारलं, तर बहुतेकांचा अंदाज की मुलांचा धीर कमी झाला असेल किंवा फार तर तेवढाच राहिला असेल. निघालं उलटंच. मुलं दर दशकामागे साधारण मिनिटभर जास्त थांबायला लागली होती. हा पुरावा अमेरिकेतल्या मुलांचा, आपल्याकडच्या पोरांनी लाडवापुढं किती दम धरला असता ते सांगता येत नाही. पण 'अधीर' हे विशेषण तक्त्यात लिहिणाऱ्यानं हे वाचलं नव्हतं, हे नक्की.

फोनबद्दल मात्र तू म्हणशील की ही पिढी वेगळी आहेच. आहे ना. पण मला सांग, जिओ आलं सप्टेंबर 2016 मध्ये, तेव्हा ते काय फक्त विशीतल्यांच्या घरी आलं? आमच्या गणपती मंदिराच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलेले पेन्शनर बघ. सगळ्यांच्या माना खाली, आणि आवाज मोठा, कारण इअरफोन लावायचा असतो हे त्यांना मान्य नाही. सगळ्यांवर एकदम आलेली गोष्ट आपण एकाच वयाच्या नावावर मांडतो. जी गोष्ट वयाची असते, म्हणजे पंचविशीत धरसोड करणं, रात्री जागणं, आईचा फोन न उचलणं, तीही आपण साल बघून पिढीच्या नावावर टाकतो. हे दोन्ही वजा केलं की मग उरतं ते पिढीचं. ते थोडं असतं, पण असतं.

ते कुठं असतं ते सांगते. आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर फिजिक्सचा एक तरुण मास्तर बसायचा. तो आणि मी, तेच तास, त्याच उत्तरपत्रिका, तेच बोर्डाचे पेपर तपासणं. पण तो लागला 1 नोव्हेंबर 2005 नंतर, आणि महाराष्ट्र सरकारनं त्या तारखेपासून नव्यानं लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. मला निवृत्तीच्या वेळच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. माझ्यामागे नवरा उरला तर त्याला कुटुंब पेन्शन. त्या मास्तराच्या पगारातून दर महिन्याला कपात, सरकारचा वाटा वेगळा, आणि शेवटी बाजार जे देईल ते. स्टाफरूमच्या भाषेत तो 'डीसीपीएसवाला', म्हणजे नव्या अंशदायी पेन्शन योजनेतला. त्यातही सुरुवातीची वर्षं ठरावीक मानधनावर, शिक्षणसेवक म्हणून. प्राथमिकला तर हे मानधन पहिल्यांदा महिना 3,000 रुपये होतं. 3,000! पुढे ते 6,000 झालं, आणि 16,000 व्हायला 2023 उजाडलं.

आता हा मास्तर संध्याकाळी नीटचे क्लास घ्यायचा, मधल्या सुट्टीत एसआयपीचं ॲप उघडायचा, बुधगावकडे प्लॉट बघून यायचा. आणि आमच्यातलेच जुने लोक त्याच्यामागे म्हणायचे, 'ह्या नव्या मास्तरांना पैशाशिवाय काही सुचत नाही, आमच्या वेळी असं नव्हतं.' कसं असेल? माझ्या म्हातारपणी मी काय खाणार हे सरकारनं ठरवून ठेवलंय, तो काय खाणार हे तेव्हाच्या नियमानं शेअर बाजार ठरवणार होता. पिढीचा स्वभाव म्हणून ज्याकडे बोट दाखवत होते तो एका शासन निर्णयाच्या तारखेचा परिणाम होता. काहींचं तर आणखी विचित्र. नेमणूक 2005 च्या आधीची, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालं, म्हणून तेही रेघेच्या पलीकडे. मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत लाखो कर्मचारी संपावर गेले तेव्हा टीव्हीवर कुणीतरी सुटाबुटातला गृहस्थ त्यांना हावरट म्हणत होता. त्याचं वय मी तुला सांगायला नको. निष्ठा आपल्याला फुकट पडली नव्हती गं. तिचा मोबदला माझ्या खात्यात अजून दर महिन्याला जमा होतो.

तुझ्या भाच्याचंही गणित मी त्याच्याकडूनच ऐकलं. आयटीत नवख्याला दहा-बारा वर्षांपूर्वी वर्षाला तीन-सव्वातीन लाख मिळायचे, आज साडेतीनच्या आसपास. मधल्या काळात खोलीचं भाडं, खानावळ, पेट्रोल कुठं गेलं ते तूच धर. एका जागी बसला तर पगारवाढ चार-पाच टक्के, दुसरीकडे गेला तर पाव पटीनं तरी जास्त. त्यांच्यात याला 'स्विच मारणं' म्हणतात. कंपनी त्याला काढायची झाली तर एका ईमेलनं काढते, त्यानं जायचं ठरवलं तर तीन महिन्यांचा नोटिस पीरियड. यात त्यानं मावशीला विचारून नेमकं काय मिळवायचं होतं? 2023 मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की देशातल्या तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं. त्यांनी तसं केलंही असेल, पण कंपनी त्यांची होती.

आणि 'नाजूक' म्हणतेस ना, तर एक गोष्ट ऐक. आमच्याकडे पहाटे मैदानावर चालायला जावं तर अंधारातच पोरं-पोरी धावत असतात. पोरांचे सोळाशे मीटर, पोरींचे आठशे, नंतर गोळाफेक. पोलीस भरती. 2024 मध्ये राज्यात जागा होत्या साधारण सतरा हजार, आणि अर्ज आले सतरा लाखांच्या वर. जूनच्या पावसात मैदानी चाचण्या चालल्या. परगावची पोरं पुलाखाली नाहीतर फुटपाथवर झोपून सकाळी धावायला उभी राहिली. पुण्यात सदाशिव पेठेत, पेरू गेटाच्या बाजूला जाशील तर खोलीत खाटेला खाट लागलेली, अभ्यासिकेत खुर्ची महिन्याच्या भाड्यानं, आणि तिशी उलटलेला पोरगा 'अजून एक अटेम्प्ट' म्हणतोय. हे चांगलं चाललंय असं मी म्हणत नाही. शंभरातल्या नव्व्याण्णवांनी धावून परत घरीच यायचं, यात चांगलं काय? पण 'नाजूक' म्हणायचं असेल तर आधी त्या मैदानावर पहाटे ये.

एका बाबतीत ही पिढी आपल्यापेक्षा पुरती वेगळी आहे, आणि ते तुझ्या तक्त्यात नाही. या पिढीत मुली कमी आहेत.

2001 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात 913 मुली होत्या. निसर्गावर सोडलं तर हा आकडा साडेनऊशेच्या घरात असायला हवा. आपल्या सांगली जिल्ह्यात तो होता 851, शेजारच्या कोल्हापुरात 839. उसाचा पट्टा, पाणी, साखर कारखाने, दूध संघ, सगळं भरभरून, आणि दर हजारामागे शंभर पोरी गायब. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानंच 1988 मध्ये केला होता, केंद्राचा त्यानंतर 1994 मध्ये आला. कायदा होता, सोनोग्राफीचं मशीनही होतं, आणि मशीनला गिऱ्हाईक जास्त होतं. ती तेव्हाची बाळं म्हणजेच आजचे पंचविशी-तिशीतले हे तरुण. गिऱ्हाईक कोण होतं मग? आपल्या जावा, नणंदा, मागच्या दोन इयत्तांमधल्या मुली, त्यांच्या सासवा, आणि मशीनमागे बसलेले आपल्याच वयाचे डॉक्टर. अत्यंत कष्टाळू आणि निष्ठावान माणसं सगळी.

आता त्या पोरांची लग्नं जमत नाहीत. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. सगळा महाराष्ट्र हसला, मलाही तो व्हिडिओ चार जणांनी पाठवला. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा नीट राबवा अशी त्यांची मागणी होती, ती मात्र कुणी पाठवली नाही. आणि ज्या मुली आहेत त्या शिकल्या आहेत आणि निवडतात. 'शेती पाहिजे, पण शेतकरी नको' हे वाक्य आमच्याकडे आता वधूपित्याच्या तोंडी ठरलेलं आहे. मग एजंट येतात, लांबून मुलगी आणतो म्हणून लाख-दोन लाख घेतात, आणि आठ दिवसांत नवरी दागिन्यांसकट नाहीशी झाल्याची बातमी येते. इथून जवळच्याच हरिपूरचे नाटककार देवल. त्यांनी 1899 मध्ये 'शारदा' रंगभूमीवर आणलं, त्यात म्हाताऱ्या नवऱ्याकडून पैसे घेऊन बाप पोरगी द्यायला निघालेला. देवलांना आज नाटक लिहायचं झालं असतं तर नवरा तरुण ठेवावा लागला असता.

मुलींचं शिक्षण, उशिरा लग्न, एक-दोन मुलांवर थांबणं, हा बदल मात्र मला आवडतो, आणि तो थोडाथोडका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे 1992-93 मध्ये महाराष्ट्रात दर बाईमागे मुलं जवळपास तीन होती, 2019-21 मध्ये 1.7. एका आयुष्यात केवढा फरक हा! यावर कुणी तक्ता काढून फिरवत नाही, कारण यात पोरांना नावं ठेवायची सोय नाही.

आता ज्या कामासाठी तू मुळात लिहिलं होतंस ते. भाच्याच्या लग्नासाठी पाठवलेला बायोडाटा मिळाला. फोटो छान आलाय, मांडणी आधुनिक, वर गणपती आणि खाली क्यूआर कोड. जात, पोटजात, गोत्र, देवक वरच्या चौकटीत, आणि 'अपेक्षा'मध्ये स्वजातीय. मला वाटलं तुझ्या ताईनं, म्हणजे त्याच्या आईनं, लिहिलं असेल, म्हणून मी त्यालाच फोन करून विचारलं. (माझा उचलला, हो.) तर म्हणाला, 'मावशी, मीच भरलंय. घरच्यांना चालेल तसंच करायचं ना.' मी म्हटलं, नोकरी सोडताना घरच्यांना चालेल का ते विचारलं होतंस? तर म्हणे, ते वेगळं.

खरंच वेगळं आहे ते. 2011-12 च्या देशव्यापी पाहणीत आंतरजातीय लग्नं शंभरात पाचाच्या आसपास निघाली, आणि ज्यांनी मागच्या चार दशकांचे आकडे ताडून पाहिले त्यांना त्यात म्हणावी अशी वाढच दिसली नाही. आपल्या आईच्या वेळचं लग्न, आपलं आणि ह्याचं, या एका रकान्यात तिन्ही पिढ्या अगदी हातात हात घालून उभ्या आहेत. नोकरी विचारून सोडली नाही म्हणून तू पडदाभर रागावलीस, आणि लग्न तुमच्या जुन्या चौकटीत बसवून करायला निघालाय त्याबद्दल तुझा एक शब्द नाही. उलट स्थळ मलाच शोधायला सांगतेस.

तर स्थळ आहे. माझीच विद्यार्थिनी. संख्याशास्त्र शिकलीय, मिरजेत एका हॉस्पिटलच्या नोंदी विभागात काम करते, वाचते भरपूर आणि तडकाफडकी बोलते. तिनंही एकदा नोकरी बदललीय आणि घरी नंतर सांगितलंय. तुमच्यातली नाही. दोघांची गाठ घालून द्यायला मला दहा मिनिटं लागतील, पण ताईला कोण सांगणार हा प्रश्न आहे, आणि ते काम मी तुझ्याकडे देतेय. रविवारपर्यंत कळव. लांब लिहू नकोस, हो की नाही एवढंच.

तुझी,
शेजारच्या बाकावरची